तांबड्याखालचं पांढरं : कावी चित्रांच्या नोंदी

काम : देवळाच्या भिंतीवरचे कावीचे (चुन्याच्या गिलाव्यात कोरलेल्या तांबड्या-पांढऱ्या चित्रांचे) बारा नमुने आधी कागदावर, मग चुन्याच्या फरशीवर उतरवायचे आणि प्रत्येक टप्पा ऑनलाइन कलासमूहात मांडायचा.
जागा : पेडणे तालुका, गोवा.
हाताशी : जुना कॅमेरा, शाळेचा स्कॅनर आणि रविवार.

२ जून २०२४

कमिटीची परवानगी मिळाली. दोन अटी आहेत. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, आणि चित्राखाली देवळाचं नाव लिहायचं नाही. मूर्तिचोरीची धास्ती सगळीकडेच आहे, त्यामुळे दुसरी अट मला पटली. या नोंदींतही नाव येणार नाही.

घाई कशाची, ते लिहून ठेवतो. सभामंडपाच्या उत्तरेकडच्या भिंतीला चार वर्षांपूर्वी ऑइल पेंट लागला. हेतू चांगलाच होता, जत्रेच्या आधी देऊळ उजळावं. पण त्या रंगाखाली हंसांची अख्खी रांग गेली. लहानपणी आजीबरोबर कीर्तनाला बसायचो तेव्हा ते हंस मी मोजायचो. अकरा होते. त्यांचा एक फोटो नाही, एक रेघ कुणाच्या वहीत नाही. मी गावातला चित्रकलेचा मास्तर, आणि माझ्याही वहीत नाही. उरलेल्या तीन भिंतींचं तसं होऊ द्यायचं नाही.

९ जून

मृगाचा पाऊस. उजेड मऊ आणि सारखा, फोटोंना याहून चांगला मिळणार नाही. उन्हात कावीचा तांबडा नारिंगी दिसतो, ट्यूबलाइटखाली जांभळट. चौकटीच्या कोपऱ्यात पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवला, म्हणजे घरी रंग जुळवता येईल.

दुपारी एक गोष्ट करून पाहिली. मंडपाची दारं लोटली आणि विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड सोडला. समोरून सपाट दिसणारा मोर एकदम उठून आला. पिसाऱ्याच्या प्रत्येक डोळ्याची कड खाली गेलेली, आत चुन्याचा पांढरा थर, वर तांबडी साय. एका डोळ्यात कंपासाचं टोक रोवल्याची बारीक टोचणी. शेजारच्या डोळ्यात तशी टोचणी दोनदा. कारागिराचा हात तिथे सरकला, त्याने पुन्हा टेकवला. दोनशे वर्षं असेल की शंभर, कुणी सांगत नाही, पण तो सरकलेला हात आज मी पाहिला.

कावी रंगवलेली नसते, कोरलेली असते. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर चढवायचा, तो ओला असतानाच टोकदार कंट्याने ओरखडून काढायचा. जिथे तांबडं जातं तिथे पांढरं दिसतं. दोनच रंग, आणि त्यातला एक खालचा.

१६ जून

मोर समूहात टाकला. वर फक्त 'मोर, गोवा' एवढंच लिहिलं. संध्याकाळपर्यंत पसंतीच्या खुणा बऱ्याच. शब्द एकही नाही.

मग आपल्यासारखं काम कोण करतंय ते शोधायला बसलो. 'कावी' हा शब्द रोमन अक्षरांत टाकला तर जावा बेटावरची जुनी कावी लिपी समोर येते, नाहीतर कवी आणि कविता. आपली कावी कुठेच नाही. जो कुणी कोकणातल्या देवळाचं चित्र टाकतो तो 'मंदिर' असं लिहितो आणि थांबतो. दोन कोकणी माणसं एकाच समूहात एकमेकांना सापडू नयेत याचं कारण इतकं साधं आहे.

२३ जून

गवंडी आबांकडे गेलो. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी त्यांनी वडिलांच्या हाताखाली देवळांचे चुन्याचे गिलावे केलेत. स्वतः कावी कोरली नाही, पण थर मळलेत, आणि ते मळणं म्हणजे निम्मं काम.

त्यांनी सांगितलेली रीत अशी. शिंपले भाजून केलेला चुना, नदीची धुतलेली वाळू, त्यात गूळ. हे पंधरा दिवस आंबत ठेवायचं आणि मग कुटायचं. कुटायचं म्हणजे कुटायचंच, हाताला लोण्यासारखं लागेपर्यंत. तांबड्या थरात चुन्याबरोबर उरमुंजी, म्हणजे तांबडी माती. कोरून झालं की नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घासून चकाकी आणायची. गूळ कोणता, असं विचारलं तर क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, आमच्याकडे आणिक कसलो? माडाचं गोड."

घरी येऊन मोराखालची ओळ बदलली. काय, कशावर, कशाने, कितव्या दिवशी, कोणत्या उजेडात, सगळं लिहिलं, मराठीत आणि खाली इंग्रजीत. खुणेच्या शब्दांत 'स्ग्राफिटो' घातलं. इटालियन भाषेत ओरखडण्याला जे क्रियापद आहे त्यातून हा शब्द आलाय, आणि भिंत ओरखडून चित्र काढण्याला जगभर तोच वापरतात. मूळ कर्त्याच्या रकान्यात 'नाव माहीत नाही' असं भरलं. रकाना रिकामा सोडता आला असता. पण रिकाम्या रकान्यावरून लोक समजतात की चित्र माझंच.

२६ जून

मोराखाली सात जणांनी लिहिलं. त्यातल्या चौघांचे प्रश्न आहेत.

१४ जुलै

पहिली फरशी फसली. चिऱ्याच्या सपाट तुकड्यावर पांढरा थर दिला, दुसऱ्या दिवशी तांबडा. कमळ कोरायला घेतलं तर अर्धा भाग ओला, कंट्यामागे चिखलासारखा फाटत गेला. उरलेला अर्धा पंख्याच्या वाऱ्याने सुकून कडक, त्याचे टवके उडाले. रात्री सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा.

आबांना फोटो दाखवला. म्हणाले, "चुन्याक घाई चलना." बाकी काही नाही.

ते फसलेलं कमळ तसंच टाकलं, पाच फोटोंत, कुठे फाटलं आणि कुठे उडालं त्यावर बाण काढून. नीट झालेली फरशी दाखवावी असं मन म्हणत होतं. पण नीट झालेली फरशी माझ्याकडे नव्हती, आणि विचारायचं होतं ते हेच होतं.

१७ जुलै

उत्तर आलं ते स्पेनमधल्या सेगोव्हियाजवळून. तिथल्या गावांत घरांच्या दर्शनी भिंती अशाच दोन थरांतून कोरतात, एस्ग्राफियादो म्हणतात. लिहिणारी बाई तेच गिलावे दुरुस्त करते. ती स्पॅनिशमध्ये लिहिते, मी यंत्राकडून भाषांतर करून घेतो. तिने तीन गोष्टी सांगितल्या.

पंखा बंद. चुना वाऱ्याने वाळवायचा नसतो, तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी अंगात ओल लागते. ओलं पोतं जवळ टांगून ठेव. दुसरं, तांबडा थर द्यायच्या आधी खालचा थर खरवडून खडबडीत कर, नाहीतर वरच्याला धरायला काही नाही. तिसरं माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. कंटा सरळ उभा धरू नकोस, कलता धर, म्हणजे रेघेची कड उतरती होते आणि पावसाचं पाणी त्यात साचत नाही.

तिसरं वाचलं आणि विजेरी घेऊन देवळात गेलो. मोराच्या सगळ्या कडा उतरत्या आहेत. जूनमध्ये मी त्या शंभरदा पाहिल्या होत्या. दूरच्या एका बाईने सांगेपर्यंत दिसल्या नव्हत्या.

२१ जुलै

आबांना हे सांगितलं. खूश झाले. शिंपला भाजला की चुना, भिजवला की लोणी, भिंतीवर बसला की परत शिंपला, एवढंच ते म्हणत राहिले. रसायनशास्त्रातही तेच आहे, दोन्हीकडे कॅल्शियम कार्बोनेटच.

११ ऑगस्ट

चौथी फरशी जमली. लहानशी, ताटलीएवढी, सहा पाकळ्यांचं कमळ. पोतं, खरवडलेला थर, कलता कंटा. आंबवणं पूर्ण पंधरा दिवस. तांबडा थर दिल्यावर साधारण दोन तासांनी बोटाने दाबलं तर ठसा उमटतो पण बोटाला रंग लागत नाही, तीच वेळ. पावसाळ्यात दोन तास, हिवाळ्यात किती ते बघायचं.

या महिन्यात स्वतःची चित्रं टाकण्यापेक्षा दुसऱ्यांची पाहण्यात जास्त वेळ दिला. आपलं एक टाकलं की निदान पाच जणांच्या कामाखाली लिहायचं, असं ठरवलंय. 'सुंदर', 'अप्रतिम' लिहिल्याने समोरच्याच्या हाती काही लागत नाही, मोराच्या पहिल्या दिवशी मला ते कळलं. काय दिसलं ते लिहायचं. डाव्या कोपऱ्यातली रेघ जाड का आहे, हा तांबडा तू कुठून आणलास, असं. त्यातून दोन ठिकाणं सापडली.

एक ग्रीसच्या किओस बेटावरचं पिर्गी गाव. घरांच्या भिंती भूमितीच्या नक्षीने भरलेल्या, करड्या-पांढऱ्या. स्थानिक नाव क्सिस्ता, म्हणजे खरवडलेलं. गडद वाळूचा गिलावा खाली, त्यावर चुन्याची पांढरी सफेदी, आणि सफेदी काट्याने खरवडायची. दुसरं चेक देशातला लिटोमिश्लचा राजवाडा. १९९९ साली तो जागतिक वारशाच्या यादीत आला. त्याच्या भिंतींवर पाकिटाच्या आकाराचे सुमारे ८,००० चौकोन कोरलेत आणि प्रत्येकातली नक्षी वेगळी.

दोन्हीकडे वर पांढरं आणि खाली गडद. आपल्याकडे उलट, वर तांबडं आणि खाली पांढरं. म्हणजे तिथे कोरलेली रेघ काळोखी होते, आपल्याकडे कोरलेली रेघ उजळते. देवळात समईच्या उजेडात ही चित्रं कशी दिसत असतील याचा विचार रात्री बराच वेळ करत होतो.

७ सप्टेंबर

चवथ. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधली. काम बंद.

२९ सप्टेंबर

वाईट बातमी. किनाऱ्याकडच्या एका दुकानात माझा मोर कापडी पिशव्यांवर छापलेला आढळला. एका माजी विद्यार्थिनीने फोटो पाठवला. कंपासाची दुसरी टोचणीसुद्धा छपाईत आली होती, म्हणून ओळखायला शंका उरली नाही. राग आला. तो मोर माझा नाही, पण नाव माहीत नसलेल्या कारागिराचाही तिथे उल्लेख नाही. 'ट्रायबल डिझाइन' अशी चिठ्ठी होती.

दुकानदाराला जाऊन भेटलो. छपाई बाहेरून करून घेतो, चित्र इंटरनेटवरून घेतलं, एवढंच तो म्हणाला. चिठ्ठी बदलून 'कावी, पेडणे' लिहायला तयार झाला. पैशांचा विषय त्याने काढला नाही, आणि मी काढायचा की नाही हे मला ठरवता आलं नाही. आपल्या कायद्यात चित्रकाराचा हक्क हयातभर आणि नंतर ६० वर्षं टिकतो. जुन्या अनामिक भिंतीवर तो कुणाचा? माझ्या रेखाटनावर माझा आहे, भिंतीवर नाही. गावाचा असायला हवा असं मला वाटतं, पण तसं कायद्यात नाही.

त्या रात्री दोन कामं केली. सगळ्या रेखाटनांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावला : नाव द्या, धंद्यासाठी वापरू नका, बदल केला तर तोही याच अटीवर मोकळा ठेवा. आणि मोठ्या फाइली काढून लांब बाजू १,६०० पिक्सेलची केली. अभ्यासाला ती पुरते. ज्याला मोठी हवी त्याने मागावी, मी देतो. परवान्याने चोर थांबत नाही. पण प्रामाणिक माणसाला काय करायचं ते कळतं, आणि अशी माणसं समूहात जास्त आहेत.

एआयच्या यंत्रांना शिकवायला चित्रं उचलतात त्याचंही पाहिलं. डेव्हिअंटआर्ट हा या प्रकारचा जुना समूह, २००० सालचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी स्वतःचं चित्रं बनवणारं यंत्र आणलं, तेव्हा नको असेल त्याने नकाराची खूण लावायची अशी रीत होती. चित्रकारांनी आवाज उठवल्यावर ती उलटली, सगळी चित्रं आपोआप नकारात गेली. शिकागो विद्यापीठाचं ग्लेझ नावाचं साधनही वापरून पाहिलं. ते चित्रावर डोळ्याला सहसा न दिसणारे फेरफार करून यंत्राला फसवतं. पण सपाट दोन रंगांच्या चित्रांवर ते फेरफार दिसायला लागतात, आणि कावी म्हणजे सपाट दोन रंगच. माझ्या तांबड्यावर धुरकट डाग आले. नाही वापरलं.

२० ऑक्टोबर

कर्नाटकातल्या कुमठ्याजवळच्या एका गावातून निरोप आला. मुलगा पंचविशीतला, घरचे देवळाचे कुळावी, म्हणजे पिढीजात भक्त. त्याने माझ्या सहाव्या नमुन्यातला पोपट पाहिला आणि त्यांच्या पडवीच्या खांबाचा फोटो पाठवला. तोच पोपट. मान तशीच मागे वळलेली, चोचीत तशीच डहाळी, डहाळीला तीनच पानं. मधे नद्या आणि एक राज्याची हद्द.

तो कोंकणी कन्नड लिपीत लिहितो, मी देवनागरीत. दोघांना एकमेकांचं वाचता येत नाही. म्हणून आवाजाचे निरोप पाठवतो. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं पोपटावर बोलतो. बायको म्हणते, चाळीस वर्षांत तुम्ही फोनवर इतकं कुणाशी बोलला नाहीत.

उत्तर कन्नडमधल्या कावीचं बरंचसं आज आपल्याला ठाऊक आहे ते कृष्णानंद कामतांमुळे. होन्नावरचे, शिक्षणाने शास्त्रज्ञ, २००२ साली गेले. हातात कॅमेरा घेऊन देवळं हिंडले, भिंती पाडल्या जाण्याआधी फोटो काढून ठेवले. त्यांची चित्रं आज इंटरनेटवर पाहायला मिळतात. या मुलाने त्यांतून त्याच्या तालुक्याची वेगळी काढून मला पाठवलीत. पोपट त्यांत नाही. म्हणजे पडवीचा तो खांब आता आम्हा दोघांवर आहे.

१० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. काकांच्या माडीवर जुने 'दीपावली' अंक काढून बसलो होतो. चित्रकार दीनानाथ दलाल मूळचे आपल्या मडगावचे, जन्म १९१६. १९४५ पासून हा अंक त्यांनी चालवला. आमच्या घरात चित्र यायचं ते वर्षातून एकदा, या मुखपृष्ठावरून. काका अंक आला की आधी मुखपृष्ठ पाहून घ्यायचे, मग तो सात घरं फिरायचा आणि परत येईपर्यंत कडा दुमडलेल्या असायच्या. शेजारी परत देताना काहीतरी सांगून जायचे : साडीचा हिरवा बघितलास का, हात कसा काढलाय बघ. समूहात मी जे शोधत असतो ते हेच आहे, माडीवर बसल्यावर ध्यानात आलं.

शाळेतल्या नववीच्या मुलांनी अंगणातल्या तुळशीवृंदावनांच्या चौकटी काढून आणल्या. नऊ घरांत कावीसारखी कोरलेली नक्षी निघाली, एका घरी तर सुनेला माहीत नव्हतं, सासूने दाखवलं. मुलांची नावं आणि घरं न टाकता, पालकांना विचारून, फक्त नक्षी मांडली.

१ डिसेंबर

मोराच्या पानावर इराणमधून एकाने लिहिलं. मी साहित्यात 'उरमुंजी' लिहिलं होतं, त्याला त्यात होर्मुझ ऐकू आलं. होर्मुझ बेटाची माती लोहयुक्त, गडद तांबडी. तिथे तिला गेलाक म्हणतात, रंगाला वापरतात आणि मसाल्यासारखी खातातसुद्धा. त्याने समुद्रकिनाऱ्याचा फोटो जोडला होता, लाटेचा फेससुद्धा तांबूस.

जुन्या मराठीत हुरमुजी हा तांबडा रंग आहेच. आबांच्या तोंडी त्यातला एक 'ह' गळलाय. होर्मुझ १५१५ ते १६२२ पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं आणि कारभार गोव्यातून चालायचा, घोडे आणि मोती त्या वाटेने यायचे. आमच्या अंगणात पावलोपावली तांबडी माती असताना तिला नाव मात्र समुद्रापलीकडच्या बेटाचं. आबांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाईल हातात घेतला, दोन बोटांनी मोठा केला आणि विचारलं, "ही चाळून घेतात की तशीच?"

विचारलंय. उत्तर यायचं आहे.

२२ डिसेंबर

बारापैकी नऊ फरश्या झाल्या. थंडीत दोन तास पुरत नाहीत, सव्वातीन लागले.

आज कमिटीच्या बैठकीत टॅबलेट नेला होता. सेगोव्हिया, लिटोमिश्ल, कुमठ्याचा खांब, होर्मुझ, सगळं दाखवलं. पोपटापाशी अध्यक्ष थांबले. म्हणाले, हा आमच्या दक्षिणेच्या भिंतीवरचा. मी म्हटलं, नाही, हा तिकडचा. त्यांनी उठून भिंतीपाशी जाऊन दोन्ही ताडून पाहिले. जत्रेआधी दक्षिणेची भिंत रंगवायचा ठराव कागदावर होता. तो पुढच्या बैठकीवर ढकललाय. रद्द झालेला नाही. चुन्याने दुरुस्ती किती पडेल याचा अंदाज माझ्याकडे मागितलाय, आबांना बसवून तो या आठवड्यात काढायचा. ऑइल पेंट चुन्यावरून कसा उतरवतात हे सेगोव्हियाला विचारलंय, उत्तरेच्या हंसांसाठी.

शनिवारी पेडण्याहून रेल्वेने कुमठ्याला जातोय. खांबाचे माप घ्यायचे, विजेरी, पांढरा कागद, फुटपट्टी. नववी फरशी, पोपटाची, पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवली आहे.